प्रेमाची गोष्ट, जमिनीची गोष्ट

रोवणी आटोपून तुम्ही आता जरा टेकल्या असाल. कंबर अजून ठणकत असेल, पण कान तर मोकळे आहेत. म्हणून आज आम्ही तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलो आहोत. गोष्ट प्रेमाची आहे, आणि जमिनीचीही आहे.

हा विषय निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या आणि बोलणं रात्रीच्या मालिकांवर गेलं. कोण कोणाच्या प्रेमात पडलं, सासूनं काय केलं, हेच चाललं होतं. गटातल्या एका ताईची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "मी आयर्लंडची एक कादंबरी वाचली. त्यात प्रेम आहे, पण सोबत जमिनीची लढाई आहे, इंग्रजांविरुद्धची लढाई आहे." मग तिनं आम्हाला आयर्लंडची माहिती सांगितली. ती ऐकून एक मावशी म्हणाल्या, "अशी गोष्ट आपल्याकडं घडली नाही का गं?" घडली आहे मावशी. तीच आज सांगतो.

आधी थोडं आयर्लंडबद्दल. इंग्लंडच्या शेजारी असलेलं हे बेट. तिथंही राज्य इंग्रजांचं होतं. जमीन जमीनदारांची आणि कसणारी कुळं. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढायचे. १८७९ साली मायकेल डेव्हिट आणि चार्ल्स पार्नेल या पुढाऱ्यांनी शेतकऱ्यांची लँड लीग म्हणजे जमीन संघटना उभी केली. दुसऱ्या वर्षी एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार बंद केले. त्याच्या शेतात कुणी जाईना, त्याला कुणी काही विकेना. त्याचं नाव होतं कॅप्टन बॉयकॉट. आज आपण 'बॉयकॉट करा' म्हणतो तो शब्द या माणसाच्या नावावरून आला.

१८८१ साली सरकार पुढाऱ्यांना तुरुंगात घालणार, असं दिसू लागलं. तेव्हा बायांनी आपली वेगळी जमीन संघटना काढली. पार्नेलची बहीण अ‍ॅना पार्नेल तिची पुढारी होती. पुढं तिचा भाऊही तुरुंगात गेला आणि पुरुषांच्या संघटनेवर बंदी आली. सगळं काम बायांनी सांभाळलं. कुळांना घराबाहेर काढलं तिथं त्या जायच्या, बेघर झालेल्यांसाठी लाकडी झोपड्या उभारायच्या, तुरुंगातल्यांच्या घरी पैसे पोचवायच्या, हिशेब ठेवायच्या. आपल्या गटाचंच काम म्हणा ना! पुढं सरकारशी समझोता झाला, पुरुष सुटून आले आणि १८८२ साली बायांची संघटना बंद झाली. अ‍ॅना पुन्हा कधी भावाशी बोलली नाही. हे ऐकून आमच्या बैठकीत दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. संकटात बाईनं घर चालवायचं आणि संकट टळलं की तिला म्हणायचं, "तू आता चुलीपाशी बस." हे आपल्याला काही नवीन नाही.

प्रेमाची गोष्टही तिथलीच. १९१६ साली डब्लिन शहरात स्वातंत्र्यासाठी उठाव झाला. जोसेफ प्लंकेट हा त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्याला मृत्यूची शिक्षा झाली. ३ मेच्या रात्री तुरुंगातल्या प्रार्थनाघरात त्याचं ग्रेस गिफर्डशी लग्न लागलं आणि ४ मेच्या पहाटे त्याला गोळ्या घातल्या. एका रात्रीचं लग्न. त्याच १९१६ साली, त्याच्या काही दिवस आधी, आपल्या लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग काढली होती. 'होमरूल' हा शब्दही आयर्लंडहूनच इकडे आला. म्हणजे इतक्या लांबचे लोक, पण दुखणं एकच.

आता आपल्याकडची गोष्ट.

गोदावरी गोखले ही पुण्यातल्या वकिलाची मुलगी. जन्म १९०७ चा. घर सुखवस्तू. त्या काळी मुलीला चौथी शिकवली तरी पुष्कळ, पण ही पदवीपर्यंत शिकली, वर कायद्याचीही पदवी घेतली. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या बायांमध्ये तिचं नाव घेतात. स्वातंत्र्याच्या सत्याग्रहात ती तुरुंगात गेली. वडिलांना ते रुचलं नाही. तिनं घर सोडलं, मुंबई गाठली आणि भारत सेवक समाजाच्या कामाला लागली. नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेली ही संस्था. तिथं तिनं मोठ्या माणसांना अक्षर शिकवण्याची मोहीम चालवली, घरकाम करणाऱ्या बायांची संघटना बांधली. घरकामाच्या बायांनाही संघटना लागते, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

शामराव परुळेकर त्याच संस्थेत काम करत होते. १९३७ साली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून आले होते. कोकणात खोत म्हणजे गावाचा धनी. त्या खोतीविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. बाबासाहेबांसोबत त्यात शामरावही होते. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, हे आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना आठवत असेल.

तर एकाच कामात असलेली ही दोन माणसं. १९३९ साली त्यांनी लग्न केलं. मालिकेत लग्न झालं की गोष्ट संपते. इथं लग्नानंतर गोष्ट सुरू होते. त्याच वर्षी दोघांनी ती संस्था सोडली आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९४० मध्ये दोघांनाही तुरुंगात टाकलं. नवा संसार, पण नवरा आणि बायको दोघंही गजाआड. सुटून आल्यावर त्यांनी कुठं जायचं ठरवलं? पुण्याला नाही, मुंबईच्या बंगल्यात नाही. शेतकऱ्यांमध्ये जायचं ठरवलं.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची, किसान सभेची परिषद भरली. तिथं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून काही वारली आदिवासी आले होते. माह्या धांगडा त्यांच्यातला एक. त्यांनी आपल्या भागाची हकिगत सांगितली आणि गोदावरीबाई, शामराव तिकडं गेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. डहाणू, तलासरी ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील.

तिथं काय चाललं होतं, ते नीट ऐका. वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेली होती. वारल्यानं जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं, ती वेठ. बोलावलं की आपलं शेत सोडून जायचं. नाही गेलं तर मार. आणि याहून वाईट एक गोष्ट होती. तिला लग्नगडी म्हणत. वारली पोराचं लग्न ठरलं की पैसा लागे. तो जमीनदाराकडून घ्यायचा. पैसे थोडेच, पण ते फिटेपर्यंत त्या पोरानं जमीनदाराच्या घरी गडी म्हणून राबायचं. व्याजाचा हिशेब जमीनदाराच्या वहीत. तो कधी फिटायचाच नाही. पोराची नवी नवरीही त्याच दारात राबायची. जमीनदाराच्या घरात तिच्या अब्रूवर हात पडायचा आणि नवऱ्याला तोंड उघडता यायचं नाही. लग्नाचं कर्ज काढून माणूस लग्नाच्या दिवशीच गुलाम व्हायचा.

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. ठरलं, की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, रोजाची मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक गावोगाव निघाले. ज्याच्या त्याच्या घरून लग्नगडी मोकळे करून आणायला लागले. कितीएक वर्षं जे सुटलं नव्हतं ते सुटलं, कारण सगळे एकदम "नाही" म्हणाले. एकट्याचं "नाही" चिरडता येतं, हजारांचं चिरडायला जड जातं.

गोदावरीबाई या काळात वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, पायी हिंडल्या, त्यांच्यात बसून जेवल्या. लोक त्यांना गोदाराणी म्हणू लागले. लोकांनी असं नाव प्रेमानंच दिलं असणार.

पावसाळा सरला. गवत कापायचे दिवस आले. तिथलं गवत मुंबईला जाई, जमीनदारांना त्यात मोठा पैसा. वारल्यांनी सांगितलं, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर कोयता हातात घेणार नाही. जमीनदार चिडले. त्यांनी आवई उठवली, की गोदाराणी सभेसाठी तलवाड्याला येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. १० ऑक्टोबर १९४५ ला हजारो वारली आपल्या बाईला वाचवायला तलवाड्याला जमले. आणि पोलिसांना सांगितलं गेलं, की जमाव दंगा करायला आला आहे. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. लोक तरी जागचे हलेनात. ज्या बाईसाठी ते आले होते ती तिथं नव्हतीच. तिच्या प्रेमाचाच फास केला होता.

त्यानंतर सरकारनं गोदावरीबाई आणि शामराव या दोघांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. पण संप मोडला नाही, मजुरी वाढली, वेठ गेली. पुढं देश स्वतंत्र झाला, १९५७ साली शामराव खासदार झाले. पण १९६२ च्या चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली. त्या वर्षांत गोदावरीबाईंनाही तुरुंगवास झाला. ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात वारले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली कितीतरी वर्षं ती दोघं वेगवेगळ्या भिंतींमागं होती.

पाच वर्षांनी, १९७० मध्ये, गोदावरीबाईंनी पुस्तक लिहिलं, 'जेव्हा माणूस जागा होतो'. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेली ती पहिलीच बाई. १९९६ साली त्या गेल्या. नवऱ्यामागं एकतीस वर्षं त्यांनी ते काम चालू ठेवलं.

आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगून झाली तेव्हा एकीनं विचारलं, "यात प्रेम कुठं आहे? फुलं नाहीत, चिठ्ठी नाही." त्यावर सत्तरीच्या मावशी म्हणाल्या, "नवरा तिला 'तू घरी बस' म्हणाला नाही, हेच प्रेम." आम्हाला याहून चांगलं उत्तर सुचलं नाही.

मग मावशींनी त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगितलं. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. इथं मालगुजार होते. मालगुजाराच्या बांदीत रोवणी आधी, मग आपल्या. आपले परे वाळले तरी चालतील. बोडी-तलावाच्या पाण्याचा हक्कही त्याचाच. १९५१ साली मालगुजारी गेली. आजही आपण ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो, ते मामाचे नव्हेत बरं का, माजी मालगुजारी तलाव. आणि स्वातंत्र्याच्या लढाईत आपला जिल्हाही मागं नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला गोळीबार झाला, आपली माणसं हुतात्मा झाली. पुढं विदर्भासाठी १९५८ चा कूळ कायदा आला आणि कसणाऱ्यांना जमिनीचा हक्क मिळण्याची वाट झाली.

इथवर सगळं ठीक होतं. मग एकीनं हळूच म्हटलं, "जमीन कसणाऱ्याची झाली म्हणता. कसणारी तर मी पण आहे. माझं नाव कुठं आहे?" मैत्रिणींनो, यासाठीच आज आम्ही बोलायला आलो.

आता आमच्याच गटातलं सांगतो. त्या ताईला विचारून सांगतो, नाव सांगत नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं गटाकडं ऐंशी हजारांचं कर्ज मागितलं. गट एवढं देऊ शकत नव्हता. घरात ठरलं, दोन एकर धानाची बांदी गहाण ठेवायची. सातबारा नवऱ्याच्या नावावर. कागदावर तिच्या सहीची गरजच नव्हती. ती वीस वर्षं त्या बांदीत रोवणी करत होती, आणि तिला विचारायची कुणाला गरज नव्हती.

बैठकीत भांडण झालं. एक म्हणाली, "लेकीचं लग्न एकदाच होतं, नाक कापून घ्यायचं का?" दुसरी म्हणाली, "मंडप आणि डीजेवर उडवायला बांदी गहाण टाकायची?" ताई रडली. तेव्हा तिच्या मुलीनंच तोंड उघडलं. ती म्हणाली, "आई, वारली पोरं लग्नासाठी गुलाम झाली. आपण स्वतःहून व्हायचं का?" सगळ्या गप्प झाल्या.

शेवटी गटानं तीस हजार दिले. हप्ते महिन्याचे बांधून दिले. जेवण घरच्या पाहुण्यांपुरतंच ठेवलं, भांडी ग्रामसंघाची वापरली, डीजे नाही. बांदी वाचली. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. सासरच्या काही मंडळींनी तोंड वाकडं केलं. ताईलाही अजून वाटतं, लेकीला आपण कमी दिलं. पण जुलैमध्ये ती आपल्याच बांदीत रोवणीला उतरली, तेव्हा आम्ही सगळ्या तिच्यासोबत होतो. नाव लावायचं बोलणं घरी सुरू आहे. नवरा "बघू" म्हणतो. आम्हीही म्हणतो, बघू. पण विचारणं सोडणार नाही.

तर तुम्ही काय करायचं, ते साधं सांगतो.

पहिलं, आपल्या शेताचा सातबारा काढा आणि गटात वाचा. आता तो मोबाइलवर महाभूलेखवरही दिसतो. मुलगा-मुलगी शाळेत असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या. नाव कुणाचं, बोजा कुणाचा, हे आधी माहीत करून घ्या.

दुसरं, नवरा जिवंत असताना त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. याला लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात, ती आपल्या राज्यात १९९२ पासून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं आधी गावोगाव 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम चालवली होती. अर्जासाठी तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारा. एकटी जाऊ नका, चौघी जा. चौघींना लवकर उत्तर मिळतं.

तिसरं, लेकीचा हक्क. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तो तिला जन्मानंच मिळतो. कायदा आला तेव्हा वडील जिवंत असलेच पाहिजेत असं नाही. आपल्या हिंदू आणि बौद्ध बहिणींना हा कायदा लागू आहे. गोंड, हलबा अशा आदिवासी बहिणींना तो सरळ लागू होत नाही, म्हणून त्यांनी आधी सल्ला घ्यावा. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. आणि भावानं "हक्कसोड कर" म्हणून कागद पुढं केला, तर ओवाळणीच्या ताटात सही टाकू नका. आधी वाचून घ्या. भावाशी नातं ठेवायचंच आहे, पण डोळे उघडे ठेवून.

चौथं, लग्नासाठी जमीन गहाण टाकण्याआधी गटात बोला. दारात येऊन पैसे देणाऱ्या कंपन्या सही घेतात ती एका मिनिटात, हप्ते फेडायला वर्षं लागतात. वही कुणाची आणि हिशेब कोण मांडतो, हे वारल्यांना कळायला पिढ्या गेल्या. आपल्याकडं आपली वही आहे. ती आपल्याच हातात राहू द्या.

मैत्रिणींनो, गोदावरीबाई शिकल्या-सवरलेल्या, शहरातल्या. त्या वारल्यांच्या झोपडीत गेल्या म्हणून मोठ्या झाल्याच. पण आम्हाला आठवतो तो माह्या धांगडा, जो आपलं गाव सोडून टिटवाळ्याच्या परिषदेला गेला आणि आपलं दुखणं बोलला. तो बोलला नसता तर गोदाराणी त्या रानात कशाला गेली असती? म्हणून आधी बोला. बैठकीत बोला, घरात बोला, नवऱ्याशी प्रेमानं बोला. त्याला ही गोष्ट सांगा. शामराव गोदावरीबाईंना सोबत घेऊन चालले, म्हणून त्यांचं काही कमी झालं नाही, हे सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं सातबारा घेऊन यायचा आहे. आमच्या गटात हे ठरलं आहे. तुमच्या गटात काय ठरलं, ते आम्हाला कळवा.